बंद जिनिंगमधला टाटा-मर्सिडीज ट्रक: विकत घेऊन दुरुस्त करावा का?

कापूस-तूर (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. पुलगावच्या बाजूला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या) आवारात जुन्या टाटा-मर्सिडीज-बेंझ बनावटीचा, लांब बोनेटचा ट्रक उभा आहे. मालकांचे कुटुंबीय त्याला ‘तीनशे बारा’ म्हणतात आणि तो १९५५ साली घेतला होता असे सांगतात. एकेकाळी याच गाडीतून रुईच्या गाठी रेल्वेच्या मालधक्क्यावर जात. जिनिंग बंद झाल्यावर गाडी जागेवरच राहिली. चारही बाजूंनी गाजरगवत वाढले आहे आणि मागची चाके काळ्या मातीत रिमपर्यंत रुतली आहेत.

समोरच्या जाळीवर तीन टोकांचा तारा अजून आहे. केबिन लाकडी असून छताचा पत्रा एका कोपऱ्यात गळतो, मात्र चालकाच्या बाजूच्या दाराची फळी कोपर टेकून टेकून इतकी गुळगुळीत झाली आहे की वरचा रंग पूर्ण गेला तरी आतले लाकूड चकाकते. कडी तुटल्यामुळे ते दार सुतळीने बांधून ठेवले आहे. इंजिन जागेवर आहे. डिझेलचा पंप, रेडिएटर आणि डायनॅमोही दिसले. बॅटरी अर्थातच नाही. आर.सी. बुकाची एक पुसट झेरॉक्स मिळाली. तिच्यावर मालक म्हणून जिनिंगच्या भागीदारी पेढीचे नाव असून नोंदणीचा क्रमांक मुंबई राज्याच्या काळातला दिसतो.

कुटुंबीय चार लाख रुपये मागतात. त्यांच्याकडे आणखी दोन गिऱ्हाइके येऊन गेली आहेत. एक भंगारवाला आहे आणि दुसरा महामार्गावरच्या धाब्याचा मालक, ज्याला ही गाडी धाब्यापुढे शोभेला उभी करायची आहे. माझी शेती कापूस आणि तुरीची. महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून थोडी रक्कम बाजूला ठेवली आहे आणि घरच्यांचा विरोध असला तरी तो समजुतीने मिटण्यासारखा आहे. गाडी मूळ रूपात उभी करावी, जमल्यास नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला न्यावी आणि हंगामात स्वतःचा थोडा कापूस बाजार समितीत तिच्यातूनच घेऊन जावा, अशी इच्छा आहे. ज्यांना या गाड्यांची, कागदांची किंवा जुन्या बॉडीकामाची माहिती आहे त्यांनी स्पष्ट मत द्यावे. गाडी घेऊ नये असे वाटत असेल तर तेही कारणांसह लिहावे.

कागदोपत्री (वर्धा)

आपल्या तीन इच्छांपैकी शेवटची, म्हणजे कापूस नेण्याची, आजच मनातून काढून टाका. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र नसेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे तिची नोंदणी वैध धरलीच जात नाही, आणि इतक्या वर्षांच्या गाडीला ते दरवर्षी घ्यावे लागते. जुन्या व्यापारी वाहनांचे तपासणी शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. त्यावर विमा आणि कर धरले तर एका हंगामाच्या कापसाच्या भाड्यातून हा खर्चसुद्धा निघणार नाही.

आता मेळाव्याला नेण्याचा विचार करू. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, म्हणजे ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-अ पासून पुढचे नियम घातले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, अशी ती पद्धत आहे. ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांना जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नाही. हे सर्व वर्तमानपत्रांत आले होते. मात्र ज्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही ती गोष्ट अशी की या नियमांत दुचाकी आणि एम-१ वर्गातील चारचाकी वाहने धरलेली आहेत. एम-१ म्हणजे चालकाखेरीज आठपर्यंत माणसे बसवणारे प्रवासी वाहन. आपला ट्रक मालवाहू, म्हणजे एन वर्गातला. त्यामुळे ‘गाडी पन्नास वर्षांची झाली, आता व्हिंटेजमध्ये चढवून देतो’ असे कोणी एजंट सांगत असेल तर त्याला पैसे देण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘होऊन जाईल’ हे उत्तर नव्हे.

शेतात चालवली तर कोण विचारतो, असे आपल्या मनात येईल. कलम ३९ मध्ये नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी ‘किंवा इतर कोणत्याही जागी’ चालवण्यास मनाई आहे. धुऱ्यावर कोणी पावती फाडायला येणार नाही हे मलाही कळते, पण बैलगाडीला किंवा मजुराला धक्का लागला तर हेच शब्द आपल्यापुढे ठेवले जातील. शेडमध्ये उभी ठेवण्याला मात्र काहीही अडचण नाही.

मालकीचा प्रश्न याहून नाजूक आहे. गाडी पेढीच्या नावावर असल्यामुळे एका भावाने सही केली म्हणून विक्री पूर्ण होत नाही. भागीदारी विसर्जनाचा दस्त आहे का, त्यात हे वाहन कोणाच्या वाट्याला आले, आणि तसा उल्लेख नसेल तर सर्व भागीदारांचे वा त्यांच्या वारसांचे संमतीपत्र मिळते का, हे आधी पाहावे. त्यानंतर मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात. जुन्या काळी बँकेच्या कर्जाचा बोजा चढवलेला असेल तर तो उतरवण्यासाठी नमुना ३५ लागेल, आणि ती बँक आज दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असण्याचीही शक्यता असते. कराची थकबाकी आहे का आणि गाडी वापरात नसल्याचे कोणी कधी कळवले होते का, हेही कार्यालयातून काढून घ्यावे. ऑनलाइन यादीत ही गाडी दिसणार नाही. जुन्या नोंदवहीतून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ नोंद सापडावी लागते.

आपण सांगितलेल्या सालाबद्दल मला शंका आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. त्यानंतर १ मे १९६० पर्यंत आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो. गाडी खरोखर १९५५ ची असेल तर पहिली नोंद मध्य प्रदेशची असायला हवी. झेरॉक्सवर मुंबई राज्याचा क्रमांक असेल तर एकतर नंतर क्रमांक बदलून मिळाला, किंवा गाडी १९५६ नंतर घेतली गेली. पुस्तकातल्या पहिल्या पानावरचा आधीच्या क्रमांकाचा रकाना वाचून पाहावा.

डबल क्लच (हिंगणघाट)

कागदांबद्दल वर आले आहे, मी फक्त गाडीबद्दल लिहितो. मी अनेक वर्षे ट्रकच्या इंजिनांचे काम केले आहे.

टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाईमलर-बेंझ यांच्या करारातून जमशेदपूरला १९५४ पासून हे ट्रक निघू लागले आणि तो करार १९६९ साली संपला. तोवर जाळीवर तारा असे, पुढे टाटाचे ‘टी’चे चिन्ह आले. मात्र तारा पाहून साल ठरवू नये. तो दोन बोल्टांनी बसतो, आणि हौशी चालकांनी नंतरच्या गाड्यांवरही तारे बसवले होते. चॅसीवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करावा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा आणि तो आर.सी.च्या झेरॉक्सशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. नंबर जुळत नसेल किंवा त्या जागी वेल्डिंगची खूण असेल तर तिथूनच परत फिरावे. बाकी सगळे दुरुस्त होते, ते होत नाही.

इंजिनाचा नंबरही पाहावा. तीनशे बाराचे मूळ इंजिन म्हणजे सहा सिलिंडरचे ओ.एम. ३१२. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२० मिलिमीटर, म्हणजे साधारण ४.६ लिटर. पुढे टाटाचे ६९७ इंजिन आले, त्याचा बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८. धंद्याच्या गाडीत जे मिळेल ते इंजिन टाकून ती चालती ठेवणे हीच त्या काळची रीत होती, त्यामुळे आतले इंजिन नंतरचे निघाले तर नवल नाही. तसे निघाले तर सुट्या भागांच्या दृष्टीने ते आपल्या सोयीचे, पण मूळ रूपाच्या दृष्टीने तोट्याचे, आणि किंमत ठरवताना ते बोलून दाखवावे. मूळ इंजिन असेल तर पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग यांसाठी नागपुरात ऑटोमोटिव्ह चौक आणि वाडीची जुनी दुकाने पालथी घालावी लागतील. तिथे नाही मिळाले तर दिल्लीचे काश्मिरी गेट किंवा मुंबईचे कुर्ला. वस्तू मिळतात, पण कधी मिळतील हे दुकानदारही सांगू शकत नाही.

खरेदीपूर्वी एकच परीक्षा करावी: इंजिन हाताने फिरते का. सहाही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) काढावेत, प्रत्येक भोकातून थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडावे, काही दिवस तसेच राहू द्यावे आणि मग पुढच्या पुलीला पाना लावून हळूहळू दोन्हीकडे हलवून पाहावे. जोर लावून पाना वाकवू नये. फिरले तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. नाही फिरले तर रिंगा बोअरला गंजून धरल्या आहेत असे समजून हेड उघडण्याचा, बोअर मारण्याचा आणि कदाचित क्रँक घासण्याचा खर्च मनात धरावा. हीटर प्लगबद्दल एक लक्षात ठेवावे. या जुन्या इंजिनांत ते माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एकाची तार तुटली की सहाही थंड. पौषातल्या पहाटे गाडी सुरू होत नाही म्हणून लोक उगाच पंप खोलत बसत.

विकणारा जर ‘धक्का मारून चालू करून दाखवतो’ म्हणाला तर त्याला थांबवावे. डिझेल पंपाचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) इनलेटमधल्या हवेच्या ओढीवर चालणारा असतो आणि त्याच्या आतला चामड्याचा पडदा इतक्या वर्षांत सुकून फाटलेला असतो. पडदा फाटला की इंजिनाच्या वेगावर लगाम राहत नाही, डिझेल पूर्ण सुटते आणि किल्ली काढली तरी ते बंद होत नाही, कारण डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. आमचे मिस्त्री म्हणत, “इंजन चालू करनं सोपं हाय बापा, बंद कसं करशीन थे आधी सांग.” म्हणून पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडावर दाबायला सपाट फळी घेऊन एक माणूस उभा असलाच पाहिजे.

ब्रेकचे मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि रबरी होज हे सर्व गेलेले आहे असेच धरावे. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले असतील, ते लोहाराकडून पुन्हा कमान देऊन घेता येतात. टायर ८.२५-२० मापाचे असतील तर ते आजही मिळतात, पण रिम जुन्या पद्धतीची, लॉक रिंगची (टायर जागेवर धरणाऱ्या सुट्या कडीची) असते. गंजलेली लॉक रिंग हवा भरताना सुटली तर समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. गावच्या पंक्चरवाल्याकडे ते काम देऊ नये. पिंजरा असलेल्या टायरच्या दुकानातच करावे, आणि त्या रिमला जागेवर हवा भरण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

किमतीचे माझे गणित असे. गाडीचे वजन साडेतीन टन आणि भंगाराचा भाव किलोला तीस रुपये धरला तर लाखभर रुपये होतात. भंगारवाला त्याहून कमीच देईल. चॅसी नंबर जुळतो, इंजिन मूळचे आहे आणि फिरते आहे, अशा गाडीला मी दोन लाखांपर्यंत जाईन. चार लाख ही धाब्याच्या गिऱ्हाइकामुळे फुगलेली किंमत आहे.

महामार्ग (अमरावती रोड)

मला यात एवढे कठीण काही दिसत नाही. ट्रकची अडचण येत असेल तर मागे बाकडी टाकून प्रवासी गाडीत बदल करून घ्यावी आणि व्हिंटेजमध्ये चढवावी. नाहीतर धाबेवाल्यालाच घेऊ द्यावी. हजारो लोक पाहतील, आणि गाडी शेतात झाकून ठेवण्यापेक्षा ते बरेच.

कागदोपत्री (वर्धा)

त्याच नियमांत चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. बाकडी टाकून वर्ग बदलला की जुनेपणाचा दावाच संपतो, म्हणजे ज्या कारणासाठी बदल करायचा तेच हातचे जाते. धाब्याबद्दल मी काही म्हणणार नाही, पण चौथऱ्यावर चढवण्यासाठी अशा गाड्यांतले इंजिन आणि गिअरबॉक्स काढून आधी विकले जातात, हे मी पाहिले आहे.

सागवान (बल्लारपूर)

सर्वांनी इंजिनावर आणि कागदांवर लिहिले, म्हणून केबिनबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या गाडीतली खरी दुर्मीळ गोष्ट तीच आहे. त्या काळी कंपनी बहुतेक ट्रक फक्त चॅसी, बोनेट आणि समोरचा पत्रा एवढेच विकत असे. मागची केबिन आणि डाला (माल भरण्याचा मागचा भाग) गिऱ्हाइकाने आपल्या गावच्या बॉडीवाल्याकडून बांधून घ्यायचा. त्यामुळे ‘मूळ रूप’ म्हणजे जर्मन पुस्तकातल्या चित्रासारखी केबिन असे समजून कोणी नवी पत्र्याची केबिन चढवली, तर ती गाडी कधीच जशी नव्हती तशी होईल. जी लाकडी केबिन आज तिच्यावर आहे, तीच तिची मूळ आहे. इंजिन दुसरे मिळेल. ती केबिन बांधणारे हात आता मिळणार नाहीत.

आपल्याकडे अशा केबिनची चौकट सागाची असे. आलापल्लीच्या जंगलाचा साग तेव्हा सहज मिळत होता. दाराची फळी घासून चकाकते असे आपण लिहिले आहे, त्यावरून ती गाभ्याच्या लाकडाची असावी. जाताना एक धारदार टोचा आणि छोटी हातोडी घेऊन जा. चौकटीचे खालचे लाकूड, जिथे ते चॅसीच्या लोखंडावर टेकते, तिथे टोचा दाबून पाहा. गाभ्याचा साग वाळवी सहसा खात नाही, पण बाहेरचे पांढरट लाकूड ती पोकळ करते आणि वरचा रंग तसाच राहतो. हातोडीने ठोकल्यावर भरीव आवाज आला तर लाकूड शाबूत. छत गळते त्या कोपऱ्यातला उभा खांब आणि बिजागरीमागचे लाकूड ही दोन ठिकाणे खास पाहावीत.

खराब झालेला तुकडा तेवढाच कापून, त्याच मापाचा जोड खाचेत बसवून डिंकाने आणि बोल्टने पक्का करता येतो. संपूर्ण खांब बदलण्याची घाई सुतारांना असते, ती करू देऊ नये. लाकूड लागले तर वनविकास महामंडळाच्या आगारातून लिलावाचा माल, पावती आणि वाहतूक परवान्यासह घ्यावा. शेतातल्या सागाचे झाड असले तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते, हे आपल्याला माहीत असेलच. जुना रंग एकदम खरवडू नये. दारावर रंगाचे थर असतील तर बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासत एकेक थर उतरवावा, खाली जिनिंगचे नाव हाताने रंगवलेले सापडण्याची शक्यता आहे. ते सापडले तर त्यावर नवा रंग न देता पारदर्शक वॉर्निश द्यावे.

डाला जर नंतरचा आणि साध्या फळ्यांचा असेल तर त्याची फार काळजी करू नये. डाले दर काही वर्षांनी बदललेच जात.

कापूस-तूर (आर्वी तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. कागदोपत्री यांनी सांगितल्याप्रमाणे पुस्तकाचे पहिले पान पाहायला मिळाले. त्यावर आधीच्या क्रमांकाचा रकाना कोरा आहे, म्हणजे गाडी १९५६ नंतरची असावी. कुटुंबीयांनाही ते पटले आणि साल ऐकून किमतीचा आग्रह थोडा सैल झाला. चॅसीचा ठसा झेरॉक्सशी जुळतो. पुली हाताने थोडी हलते, पण पूर्ण फेरा होत नाही; तेल सोडून ठेवले आहे. केबिनचे तीन खांब ठणठणीत आणि गळक्या कोपऱ्यातला खालून पोकळ.

आर.टी.ओ. कार्यालयात लेखी अर्ज दिला असून त्याचे उत्तर येईपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही असे ठरवले आहे. कुटुंबीयांना दोन प्रस्ताव दिले. नोंद सापडली आणि सर्व वारसांच्या सह्या झाल्या तर सव्वादोन लाख. नोंद सापडली नाही तर शेडमध्ये ठेवण्याची वस्तू म्हणून एक लाख तीस हजार, आणि त्याची विक्रीची पावती मुद्रांकावर. धाकटे भाऊ तयार आहेत. थोरल्यांचे म्हणणे असे की धाबेवाला कागद न मागता तीन लाख देतो. मी कापूस नेण्याचा विचार सोडला, आणि मेळाव्याला न्यायची वेळ आलीच तर ती दुसऱ्या वाहनावर चढवून नेईन. केबिन मात्र आहे तीच ठेवणार.

सौदा ठरला तर गाडी तिथून हलवायची कशी, एवढे सांगावे. माझ्या शेडपर्यंतचा रस्ता चांगला आहे, पण जिनिंगच्या आवारात सगळी काळी माती आहे.

डबल क्लच (हिंगणघाट)

धाबेवाल्याचे तीन लाख खरे असते तर थोरल्यांनी आपल्याशी बोलणे केव्हाच थांबवले असते. आपला आकडा वाढवू नका.

हलवायचे काम मृगाच्या आत उरका. एकदा पाऊस झाला की त्या मातीत हायड्रा क्रेन स्वतःच रुतेल. गाडी दोर बांधून ओढू नका. इतकी वर्षे उभ्या गाडीचे ब्रेक ड्रमला धरलेले असतात आणि ओढताना पाट्यांच्या पिना तुटतात. मागची चाके आधी फावड्याने मोकळी करा, अॅक्सलखाली जॅक लावून चाकांखाली जाड फळ्या सरकवा, आणि मग क्रेनचे पट्टे चॅसीच्या गर्डरला, पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ लावून सरळ लो-बेडवर (ठेंगण्या ट्रेलरवर) ठेवा. बंपरला पट्टा लावायला कोणालाही देऊ नका. उचलण्यापूर्वी केबिनच्या पोकळ खांबाला बाहेरून दोन बांबू घट्ट बांधा, नाहीतर तो कोपरा तिथेच राहील. दाराची सुतळी सोडू नका, आणि सुटे भाग, अगदी गंजलेल्या बोल्टासकट, वेगळ्या पोत्यात भरून त्यावर कुठला भाग ते लिहून ठेवा. लो-बेडवाल्याला चॅसीच्या ठशाची आणि विक्रीच्या पावतीची प्रत सोबत द्या, रस्त्यात अडवले तर ती लागेल.